झाडीपट्टीतील स्त्रीधन

शेतकऱ्याच्या घरातील बाईला पैशाचा व्यवहार कळत नाही, असा समज शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत आजही आढळतो. तिला बचत शिकवावी, बँक दाखवावी, हिशेब कसा ठेवावा ते समजावून द्यावे, अशा सद्भावनेने अनेक योजना आखल्या जातात. त्यांच्या मुळाशीही पुष्कळदा हाच समज असतो. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, म्हणजे निराळे चित्र दिसू लागते. तेथील स्त्रीला हिशेब पूर्वीपासून येत होता. त्या हिशेबाला कागदावर जागा नव्हती. जमिनीच्या पट्ट्यावर, पेढीच्या खात्यावर आणि सरकारच्या दप्तरात तिचे नाव कसकसे चढत गेले, हे पाहणे उद्बोधक आहे.

हे दोन्ही जिल्हे पूर्वी चांदा या एकाच नावाने ओळखले जात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी पूर्वेकडचा व दक्षिणेकडचा अरण्यमय भाग वेगळा होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. वैनगंगेच्या खोऱ्यातील या मुलखास लोक झाडीपट्टी म्हणतात. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी या बाजूंस धान हे मुख्य पीक, आणि ते जुन्या कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांच्या आधाराने पिकते. नांगरट व चिखलणी पुरुषाची. रोवणी, निंदण आणि कापणीचा मोठा भाग बायकांचा. शेती संपली की जंगल सुरू होते. चैत्रात पहाटे मोहफुले वेचावयाची, वैशाखाच्या उन्हात तेंदूची पाने तोडावयाची, मग चार, हिरडा, डिंक, जे मिळेल ते गोळा करून आठवड्याच्या बाजारी न्यावयाचे. या कामांत स्त्रीचा वाटा पुरुषाहून कमी तर नाहीच, पुष्कळ ठिकाणी अधिक आहे.

असे घर चालविणारी स्त्री गणितावाचून एक दिवसही निभावू शकत नाही. ढोलीत धान किती, त्यातून बियाणे किती बाजूला ठेवावयाचे, पाहुणा व सण धरून पुढील कापणीपर्यंत रोज किती शिजवावयाचे, हे सारे तिच्या डोक्यात असते. चैत्रात मोह स्वस्त विकला जातो आणि पावसाळ्यात तोच महाग होऊन दारी येतो, हेही तिला ठाऊक असते. ठाऊक असूनही ती चैत्रातच विकते. कारण त्या वेळी घरात मीठ-मिरचीला पैसा नसतो. तेव्हा तिची अडचण ज्ञानाची नसून भांडवलाची होती, आणि भांडवल मिळते ते पतीवर नव्हे, पतीवर म्हणजे पत या शब्दाच्या अर्थानेही नव्हे, तर कागदावरच्या नावावर.

राजघराण्यातील स्त्रीला हे नाव क्वचित लाभत असे. चांद्याचा गोंड राजा बीरशहा १७०४ मध्ये मारला गेल्यावर राणी हिराईने दत्तक पुत्र रामशहा याच्या नावाने अनेक वर्षे राज्यकारभार पाहिला. पतीची भव्य समाधी तिने बांधविली. राज्याचा वसूल व खर्च एका स्त्रीच्या देखरेखीखाली इतकी वर्षे चालला, ही गोष्ट चांद्याची माणसे अभिमानाने सांगतात. परंतु राणीचे धनही सुरक्षित असतेच असे नाही. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि पुढील वर्षी नागपूरचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन विकण्यात आले. बांकाबाई आदी राण्यांच्या तक्रारी व्यर्थ गेल्या. जेथे राण्यांची ही कथा, तेथे रोवणी करणाऱ्या बाईची काय कथा सांगावी!

नागपूरच्या राज्याबरोबर चांदाही इंग्रजी अमलाखाली आला. १८६० नंतर मध्यप्रांतात जमिनीचा मोठा बंदोबस्त झाला. चांद्याचे काम मेजर लूसी स्मिथ या अधिकाऱ्याने पाहिले. मोजणी झाली, नकाशे झाले, गावोगावी मालगुजार ठरले आणि कोणते शेत कोणाचे याची नोंद झाली. पूर्वीची वहिवाट तोंडी होती. ती आता दप्तरात गेली. दप्तरात जाताना घरातील कर्त्या पुरुषाचे नाव लागले. त्याच्याबरोबर त्याच शेतात राबणारी स्त्री नोंदीबाहेर राहिली. हे कोणी हेतुपुरस्सर केले असे म्हणण्याचे कारण नाही; साऱ्या जगात त्या काळी तशीच रीत होती. परंतु तिचा परिणाम दूरवर पोचला. पुढे जी जी सोय निघाली, ती या नोंदीकडे बोट दाखवूनच निघाली.

कर्जाचेच उदाहरण घ्यावे. पावसाळ्यात धान संपले की घरे उसनवारी करीत. या उसनवारीचे दोन दर सर्वांच्या परिचयाचे होते: सवाई आणि दिढी. आषाढात चार पायल्या घेतल्या, तर कापणीनंतर सवाईने पाच आणि दिढीने सहा परत करावयाच्या. पाच महिन्यांना शेकडा पन्नास, म्हणजे वर्षाला शेकडा एकशेवीस, इतका दिढीचा भाव पडतो. धान संपल्याचे प्रथम स्त्रीला कळे, फेडीसाठी पोटाला चिमटाही तीच घेई. अंगठा मात्र पुरुषाचा उठे. १८८२ मध्ये टपाल खात्याची बचत पेढी देशभर सुरू झाली, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, १९३३ मध्ये मध्यप्रांतात कर्जतडजोडीचा आणि पुढील वर्षी सावकारी नियंत्रणाचा कायदा आला. हे सारे उपाय स्तुत्य होते. तथापि टपालकचेरी जंगलातील गावापासून दूर, आणि पतसंस्थेचे कर्ज जमिनीच्या किंवा जामिनाच्या बळावर मिळे. ज्याच्या नावे जमीन तो सभासद, आणि जो सभासद त्यालाच कर्ज, अशी ही साखळी होती. स्त्री त्या साखळीच्या बाहेर राहिली.

ही साखळी तोडण्याचा पहिला मोठा यत्न कायद्याच्या वाटेने झाला. मुंबईचे नामांकित शस्त्रवैद्य डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ मध्ये हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचा कायदा संमत झाला आणि विधवेला पतीच्या मिळकतीत वाटा मिळू लागला. परंतु १९४१ मध्ये फेडरल न्यायालयाने निर्णय दिला की, प्रांतांतील शेतजमिनीस हा मध्यवर्ती कायदा लागू होत नाही. ज्या देशात बहुतेक मिळकत म्हणजे शेत, तेथे शेताचाच अपवाद झाला! प्रांतिक कायद्यांनी ही उणीव पुढे बऱ्याच अंशी भरून काढली. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला पित्याच्या स्वतःच्या मिळकतीत हक्क दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीने बसविले.

येथे झाडीपट्टीपुरती एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९५६ चा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यांचा वारसा रूढीप्रमाणे चालतो. गडचिरोलीच्या गोंड व माडिया स्त्रियांना म्हणून या सुधारणेचा लाभ सरळ मिळाला नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडातील एका गोंड कुटुंबाच्या वादात असा निर्णय दिला की, स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ ती स्त्री आहे म्हणून तिच्या वारसांना हिस्सा नाकारता येणार नाही. शेजारच्या राज्यातील तो निकाल इंद्रावतीच्या अलीकडेही महत्त्वाचा ठरणारा आहे.

कायदा होणे आणि सातबाऱ्यावर नाव चढणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर तुटावे म्हणून शेतकरी संघटनेने एक आगळा मार्ग काढला. ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरले. त्यानंतरच्या वर्षांत शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे करावा. ज्या गावी शंभर घरे असे करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. यात भाषा उपकाराची नव्हती, ऋणमोचनाची होती. राजुऱ्याच्या बाजूस संघटनेचे बळ मोठे असल्याने हा विचार चंद्रपूर जिल्ह्यातही पोचला.

जमिनीबरोबरच मजुरीचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने तेंदूच्या पानांचा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली आला. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीत सत्तर हजार पाने होतात. पहाटे तोडलेली पाने दुपारी घरी बसून मोजावयाची, पुडे बांधावयाचे आणि संध्याकाळी फळीवर द्यावयाचे. ही मोजदाद मुख्यत्वे बायकांच्या बोटांनी होते. जिला अक्षर वाचता येत नाही, तिची सत्तरची गणती चुकत नाही. दर ठरविण्यात मात्र तिचे बोलणे नसे.

मजुरीच्या दप्तरात तिचे नाव स्वतंत्रपणे येण्यास १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने मोठी मदत केली. १९७२ च्या दुष्काळात वाढलेल्या या योजनेत स्त्री व पुरुष यांस कामाचा दर एकच होता, आणि हजेरीपटावर बाईचे नाव बाई म्हणून लागे. अमक्याची पत्नी म्हणून तिची मजुरी नवऱ्याच्या मजुरीत मिसळली जात नसे. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर ही मजुरी बँकेच्या व टपालाच्या खात्यांवर जमा होऊ लागली. अनेक स्त्रियांचे पहिले पासबुक या निमित्ताने निघाले.

पासबुक निघाले, तरी त्यात पैसा टिकावा कसा, हा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर बचत गटांनी दिले. आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, २४ फेब्रुवारी १९७५ रोजी, महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९९२ मध्ये नाबार्डने देशातील पाचशे गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने महाराष्ट्र ग्रामीण पतपुरवठा प्रकल्प सुरू झाला; त्यात चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हेही होते. पुढे २००३ मध्ये महामंडळाकडे राज्यातील गटांचे सूत्रधारपण आले, आणि २०११ पासून ‘उमेद’ या नावाने चालणाऱ्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने गडचिरोलीत पहिल्या टप्प्यातच सघन काम हाती घेतले.

या गटांची रचना पाहिली म्हणजे जुन्या शहाणपणाला नवे दप्तर कसे मिळाले, हे दिसून येते. दहा ते वीस बायका एकत्र येतात. त्यांचे पाच नियम आहेत: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. समजा, बारा जणींनी दरमहा पन्नास रुपये टाकले. वर्षाला सात हजार दोनशे रुपये होतात. त्यातून एखादीने हजार रुपये उचलले आणि व्याज महिना शेकडा दोन ठरले, तर तिने महिन्याला वीस रुपये द्यावयाचे. हा दर बँकेहून अधिक दिसतो. परंतु ते वीस रुपये सावकाराच्या वहीत न जाता गटाच्या वहीत जमा होतात आणि वर्षअखेर त्यांतील हिस्सा देणारीकडेच परत येतो. शिवाय आषाढात हजार रुपये हाती आले, म्हणजे चैत्रात वाळविलेला मोह विकण्याची घाई उरत नाही. भाव चढेपर्यंत माल घरात थांबवून धरणे, हे व्यापाऱ्याला पूर्वीपासून साधत होते. ते आता बाईला साधू लागले.

घरात आलेला पैसा घरात राहू नये, अशी एक वाट मात्र सतत उघडी होती. ती दारूची. १९८० नंतरच्या दशकात गडचिरोलीत दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली. तीत गावोगावच्या महिला मंडळांचा व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा मोठा भाग होता. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपुरात श्रमिक एल्गार संघटनेच्या पुढाकाराने २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत स्त्रिया चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून तेथेही बंदी आली, आणि २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. बंदीने काय साधले व काय साधले नाही, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु या स्त्रियांची मागणी नीतीच्या व्याख्यानातून आलेली नव्हती. आठवड्याच्या मजुरीतील किती रुपये गुत्त्यावर उतरतात, याचा त्यांनी हिशेब केला होता. जमाखर्चाची जाण याहून स्पष्ट ती कोणती?

या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठे पाऊल जंगलाच्या बाजूने पडले. २००६ च्या वनहक्क कायद्यात एक लहानसे कलम आहे. वनजमिनीवर वैयक्तिक हक्क मिळाला, तर विवाहितांच्या बाबतीत तो पती व पत्नी या दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवावा, असे ते सांगते. लूसी स्मिथच्या बंदोबस्तानंतर सुमारे एकशेचाळीस वर्षांनी, त्याच मुलखात, जमिनीच्या कागदावर स्त्रीचे नाव नियम म्हणून आले. तेही गोंड व माडिया घरांत, जेथे वारसा कायदा पोचला नव्हता. शिवाय गावच्या वनहक्क समितीत किमान तृतीयांश स्त्रिया असाव्यात, आणि २०१२ च्या सुधारणेप्रमाणे ग्रामसभेच्या गणपूर्तीत उपस्थितांपैकी तृतीयांश तरी स्त्रिया असाव्यात, असा दंडक झाला.

सामूहिक हक्काचा मान २००९ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास देशात अगदी आरंभी मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी हे गाव जोडलेले आहे. तेथे ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात. बल्लारपूरच्या कागद गिरणीने या अरण्यांतील बांबूला मोठे गिऱ्हाईक निर्माण केले होते, परंतु विक्रीचा अधिकार गावाचा नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक मेंढ्याच्या स्वाधीन झाले. पुढे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी तेंदूचाही लिलाव स्वतः करण्यास आरंभ केला. जिची बोटे सत्तर पाने मोजीत होती, तिला आता सभेत बसून भावाविषयी विचारता येते, आणि ग्रामसभेच्या खात्यात किती जमा झाले हे पाहता येते.

येथवरचा वृत्तांत उत्कर्षाचा आहे. परंतु तो पुरा झाला असे समजणे भोळेपणाचे होईल. नाव कागदावर चढले, तसा कागदाचा धोकाही तिच्या वाट्यास आला. दारात येऊन कर्ज देणाऱ्या कंपन्या आता स्त्रीच्याच नावे कर्ज देतात. त्यांचा समूह बचत गटासारखा दिसतो. पण गटात पैसा बायकांचा असतो, येथे तो परक्याचा असतो आणि शेजारणीचा हप्ता चुकला तर भार दुसरीवर येतो. व्याज सांगण्याची रीतही पारखून घ्यावी लागते. दहा हजार रुपये वर्षभरासाठी शेकडा बारा दराने घेतले. मूळ रकमेवर सबंध वर्षाचे व्याज धरले, तर बाराशे रुपये होतात. दरमहा समान मुद्दल फिटत जाऊन उरलेल्या रकमेवरच व्याज धरले, तर साडेसहाशे होतात. दर एकच उच्चारला जातो, आणि द्यावयाची रक्कम जवळजवळ दुप्पट होते. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा कर्जाचा खरा वार्षिक दर दाखविणारे पत्रक व कर्जपत्रिका कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक केले. भामरागड-एटापल्लीत ही भाषा माडिया असते. तेथील स्त्री मराठी कागदापुढेही परकीच असते. मग इंग्रजी संदेश पाठविणाऱ्या भ्रमणध्वनीची गोष्ट दूरच. पासबुक तिच्या नावाचे, परंतु गुप्तांक मुलाला किंवा नवऱ्याला ठाऊक, अशी घरे थोडी नाहीत. तेथे नाव नुसते उसने दिलेले असते.

यावरून आर्थिक साक्षरता म्हणजे काय, हे ठरविता येईल. काटकसर हा धडा झाडीपट्टीतील स्त्रीने इतरांना द्यावा, इतका तो तिला पाठ आहे. आपल्या नावावर काय आहे, कोणत्या कागदावर सही होत आहे, व्याज कशावर धरले जात आहे आणि खात्याची किल्ली कोणाजवळ आहे, हे चार प्रश्न विचारण्याची सवय व धीर तिला यावा, एवढेच शिकविणे उरले आहे. हे शिक्षण तिच्या भाषेत आणि तिच्या पुड्या-पायलीच्या हिशेबाला धरून व्हावे, म्हणजे ते टिकेल.

आणि हे चार प्रश्न केवळ जंगलातील गावासाठी आहेत असेही नाही. नागपूर, पुणे, मुंबई येथील सुशिक्षित घरांतील गृहिणी दरमहाचा खर्च चोख चालविते. परंतु घराचा दस्तऐवज कोणाच्या नावे आहे, विमापत्र कोठे ठेवले आहे आणि पतीच्या शिरावर कर्ज किती आहे, हे तिला सांगता येईलच अशी खात्री देता येत नाही. गडचिरोलीच्या वनपट्ट्यावर दोन नावे आहेत. शहरातील कुटुंबांनी आपले कपाट उघडून आपल्या कागदांवर किती नावे आहेत, ते एकदा पाहावे.